घर किरायानं देण्याआधी

निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली, शेताचा तुकडा विकला गेला किंवा महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, की वर्धेतल्या घरात पहिला सल्ला ठरलेला असतो. "सावंगीकडे एखादं घर घेऊन टाका, किराया येत राहील." सल्ला देणारा आपलाच असतो, मनानंही चांगला असतो. पण किराया येत राहत नाही. तो दर महिन्याला आणावा लागतो, त्यासाठी खपावं लागतं.

कापसाच्या एका एकराला बियाणं किती, खत किती, फवारण्या किती, वेचणीला काय गेलं, हे आपल्या भागात कुणालाही तोंडपाठ असतं. त्याच माणसाला किरायाच्या घराचा हिशेब विचारला, तर उत्तर एका आकड्यावर थांबतं : महिन्याचे नऊ हजार. घर शेतासारखंच असतं. त्यालाही राखण लागते, त्याचाही एखादा हंगाम कोरडा जातो. मी स्वतः कित्येक वर्षं दोन खोल्या किरायानं देतो आहे. त्या अनुभवातून आणि भोवतालच्यांचं पाहून जे कळलं, ते नव्यानं घर घ्यायला निघालेल्यांसाठी इथे मांडतो.

आधी पूर्ण हिशेब मांडा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या वस्तीचे आकडे त्या जागी भरा. समजा, तयार घर 35 लाखांना मिळालं. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सुरुवातीची डागडुजी धरून ते 38 लाखांवर गेलं. किराया 9,000, म्हणजे वर्षाचे 1,08,000. यावर बहुतेकजण खूश होतात.

आता वजाबाकी करा. दोन किरायेदारांच्या मधला रिकामा काळ सरासरी दीड महिना धरला, तर 13,500 गेले. घरकर आणि पाणीपट्टी 5,000. रंग, गळती, नळ, दारं यांचा सरासरी खर्च 14,000. मोटार-बोअरवर 4,000. करारनामा आणि दलाली 3,500. हातात उरले 68,000. अडतीस लाखांवर हे 1.8 टक्के होतात. बँकेतली मुदत ठेव काही न करता याहून कितीतरी जास्त देते.

कर्ज काढून घेणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, तर हप्ता सुमारे 21,700 येतो. नऊ हजारांच्या किरायातून त्याचा निम्माही भाग निघत नाही. उरलेले जवळपास तेरा हजार दर महिन्याला पगारातून जातील. घर रिकामं असेल त्या महिन्यात सगळाच हप्ता अंगावर येईल.

म्हणून 'किरायातून हप्ता फिटेल' या हिशेबावर घर घेऊ नका. जमिनीची किंमत वाढेल, या आशेवर घेत असाल तर तसं स्वतःशी स्पष्ट म्हणा आणि त्या आशेला किरायाचं नाव देऊ नका.

ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांचा हिशेब वेगळा निघतो. समजा, राहत्या घरावर 14 लाखांत दोन छोटे स्वतंत्र गाळे बांधले आणि प्रत्येकी 5,000 किराया आला. वर्षाचे 1,20,000, त्यातून दीड महिन्याचा खंड आणि पंचवीस हजार खर्च वजा केला, तरी 80,000 उरतात. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर. जागेची किंमत नव्यानं मोजावी लागत नाही आणि देखरेख जिन्याच्या अंतरावर असते. फक्त वरचा मजला चढवण्याआधी बांधकाम परवानगी आणि पायाची ताकद या दोन्हींची खात्री हवी.

किरायेदार नेमका कोण आहे?

'वर्धेत मागणी आहे' हे वाक्य फार मोघम आहे. मागणी वस्तीगणिक बदलते. सेवाग्रामला 1969 मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगीला मेघे समूहाचं वैद्यकीय संकुल आहे. या दोन्हींभोवती परिचारिका, तंत्रज्ञ, विद्यार्थी, नव्यानं रुजू झालेले डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक असा वेगवेगळा वर्ग खोल्या शोधतो. इंटर्न एक वर्ष राहील, पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षं, नोकरदार परिचारिका कदाचित आणखी जास्त. रुग्णाच्या नातेवाइकाला मात्र आठ दिवसांसाठी खोली हवी असते. तो व्यवसाय लॉजच्या वाटेनं जातो आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

हिंदी विश्वविद्यालयाजवळच्या टेकडीकडे विद्यार्थी आणि प्राध्यापक, देवळी आणि भूगावकडे कारखान्यातले कामगार, हिंगणघाटला गिरण्या आणि कापसाचा बाजार, पुलगावला दारूगोळा भांडाराभोवतीची वस्ती. प्रत्येक ठिकाणची ऐपत, मुक्कामाची मुदत आणि गरज निराळी. तीन खोल्यांचं कुटुंबाचं घर विद्यार्थ्यांच्या वस्तीत घेतलं, तर एक तर ते पडून राहील किंवा त्यात सहा मुलं कोंबावी लागतील.

वर्धेची एक खास अडचण म्हणजे अप-डाऊन. नागपूर जेमतेम पाऊणशे किलोमीटर. गाड्या भरपूर, आणि डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्गही सुरू झाला. जिल्ह्याच्या कचेऱ्यांत बदलून आलेले कितीतरी कर्मचारी मुलांच्या शाळेसाठी नागपूरचं घर सोडत नाहीत, रोज ये-जा करतात. जिल्ह्याचं ठिकाण आहे म्हणून नोकरदार कुटुंबं घर शोधतीलच, हे गृहीत धरू नका.

दुसरी अडचण एकाच संस्थेवर अवलंबून राहण्याची. एका मोठ्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर घर घेतलं आणि संस्थेनं आपलं वसतिगृह वाढवलं, तर पुढच्याच वर्षी समोरची गल्ली ओस पडते. 2020 मध्ये टाळेबंदी लागली, विद्यार्थी गावी गेले आणि खोल्यांना महिनोन्महिने कुलपं राहिली. शक्य असेल तर दोन वेगळ्या प्रकारचे किरायेदार मिळतील अशी जागा निवडा : दवाखान्यापासून सायकलच्या अंतरावर आणि शाळा-बाजारालाही जवळ.

घोषणेच्या भरवशावर तर घर घेऊच नये. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातल्या वर्धा–कळंब टप्प्यावर गाडी धावायला फेब्रुवारी 2024 उजाडला. त्या बातमीवर ज्यांनी घरं घेतली असतील, त्यांचं कर्ज तोवर बरंचसं फिटत आलं असेल.

मागणी तपासायला दलालाला विचारू नका. खानावळ चालवणाऱ्या मावशींना विचारा : यंदा डबे किती जातात, उन्हाळ्यात किती उरतात? सप्टेंबरमध्ये एकदा आणि मे महिन्यात एकदा, रात्री आठ वाजता त्या गल्लीतून चक्कर मारा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. 'किरायानं देणे आहे' अशी पाटी एकाच दारावर दोन महिन्यांनीही दिसली, तर घरमालकाला भेटून कारण विचारा. ही तीन कामं फुकट होतात आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरं सांगतात.

कागद : आपल्या भागातले खाचखळगे

विदर्भात शहरांतल्या जुन्या भागातली बरीच जागा नझूलची असते. म्हणजे मालकी सरकारची आणि आपल्याकडे ठरावीक मुदतीचा पट्टा. घर विकणाऱ्याचं, पण जमीन पट्ट्याची. आखीव पत्रिका काढा. पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं का, भाडं थकलं का, हस्तांतराला परवानगी लागते का, हे नझूलच्या कार्यालयातून लेखी घ्या. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, तरी हीच काळजी घ्या.

शहराबाहेरचा प्रश्न वेगळा. वर्धेची वस्ती कधीचीच नगरपरिषदेची हद्द ओलांडून पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी, उमरी या 'मेघे' गावांत आणि नालवाडी, म्हसाळ्यात पसरली आहे. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून घरं विकली जातात. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, ती मालकीचा पुरावा होत नाही. सातबारा, अकृषक आदेश, मंजूर लेआऊटचा नकाशा आणि बांधकाम परवानगी हे चार कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. जाहिरातीत 'एनए टीपी' असं लिहिलेलं असतं, तेव्हा आदेशाची प्रत मागा आणि त्यातला गट क्रमांक स्वतः ताडून पाहा. किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या.

घरात आधीच कुणी राहत असेल, तर दुप्पट सावध राहा. बाजारातल्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे किरायेदार असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 खाली येणाऱ्या अशा जागेत किराया वर्षाला चार टक्केच वाढवता येतो आणि ताबा ठरावीक कारणांवरच मागता येतो. घर विकत घेतलं, की जुन्या मालकाचं हे ओझंही तुमच्याकडे येतं. हा कायदा परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. म्हणून तुमची जागा त्यात येते का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

काळी माती, पाणी आणि वीज

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराखालीही असते. पाया पुरेसा खोल आणि नीट बांधलेला नसेल, तर भिंती तडकतात. घर पाहायला गेलात, की दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी वर जाणारी भेग शोधा. रंगाची बारीक केसासारखी भेग वेगळी, आणि बोटाचं नख आत जातं अशी तिरपी भेग वेगळी. दार चौकटीत घासतं का, फरशी एका बाजूला खचली आहे का, पाहा. नवा रंग दिलेलं घर असेल तर पलंग-कपाटामागची भिंत पाहा. एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये, अशा दोन भेटी दिल्या, तर घर आपलं सगळं दुखणं सांगतं.

माझीच एक खोली बांधताना कंत्राटदारानं पाया उथळ ठेवला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात चौकटीवर भेग आली. मी ती दोनदा सिमेंटनं बुजवली, दोनदा उघडली. शेवटी भिंतीलगत पाणी मुरू नये म्हणून चहूबाजूंनी उताराची फरशी करून घेतली, गच्चीचं पाणी पाइपानं दूर नेलं, तेव्हा ती थांबली. त्या एका दुरुस्तीत आठ महिन्यांचा किराया गेला.

पाण्याचंही तसंच. वर्धेचं पाणी धाम नदीवरच्या योजनांवर आहे. उन्हाळ्यात साठा खालावला, की नळ येण्याच्या दिवसांमधलं अंतर वाढतं. घराला बोअर आहे का, त्याला मेमध्ये किती वेळ पाणी येतं, खाली किती लिटरचं टाकं आहे, हे विचारून घ्या. किरायेदार घर सोडतो, त्यामागचं कारण पुष्कळदा पाणीच असतं. चारशे-पाचशे रुपये किराया कमी करून जे साधत नाही, ते मोठ्या टाक्यानं साधतं.

वीज मीटर प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र घ्या. महावितरणचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. चार बिऱ्हाडांचा वापर एकाच मीटरवर आला, की सगळे महागड्या टप्प्यात जातात आणि कूलर लागले की भांडण ठरलेलं. घर घेताना आधीच्या मालकाची थकबाकी नाही, हे शेवटच्या बिलावरून पाहा. किरायेदार बदलताना मीटरचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवा.

करार : नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

मुद्रांकावर टंकून, नोटरीचा शिक्का मारून झालेले करार आपल्याकडे सर्रास दिसतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर वादात अटींबाबत किरायेदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

नोंदणीचा खर्च वाटतो तेवढा नाही. लीव्ह अँड लायसन्स करारावर एकूण किराया आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक दहा टक्के दरानं धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक लागतो. सहा हजार किराया, बारा हजार अनामत आणि अकरा महिने असा करार असेल, तर हा आकडा दोनशे रुपयांच्या आसपास येतो. नोंदणी शुल्क ग्रामपंचायत हद्दीत 500 आणि नगरपरिषद हद्दीत 1,000. आधार क्रमांक आणि अंगठा वापरून ही नोंदणी ऑनलाइन होते.

असा नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. कितीही राग आला तरी नळ बंद करणं, वीज तोडणं, कुलूप घालणं हे करू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला कायद्यानं मनाई आहे आणि तिथे बरोबर असलेला घरमालकच चुकीचा ठरतो.

करारात किती माणसं राहणार हे संख्येनं लिहा. रंगाचा खर्च कुणाचा, मोटार बिघडली तर कुणाची, घर सोडायची सूचना किती दिवस आधी द्यायची, अनामत किती दिवसांत परत करायची, हेही लिहा. सोबत पंखे, नळ, दिवे, चाव्या यांची यादी जोडा. पोलिस ठाण्यात किरायेदाराची माहिती द्या. आपल्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. जागेचा बेकायदा वापर झाल्यास करार संपेल, अशी अट असू द्या. हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थीही येतात. परदेशी नागरिकाला खोली दिली, तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरणं बंधनकारक आहे.

माणूस निवडताना

ओळखपत्र पाहा, नोकरी किंवा प्रवेशाचा कागद पाहा, आधीच्या घरमालकाला फोन करा. तो काय सांगतो, हे सगळ्यात मोलाचं. पैसे देतो का, यापेक्षा घर सोडताना कसा वागला, हे विचारा.

आडनाव विचारून मात्र कुणाला दारातून परत पाठवू नका. "तुम्ही कोण?" हा प्रश्न आपल्याकडे अजूनही सहज विचारला जातो. दवाखान्यात रात्रपाळी करून आलेल्या मुलीला तीन दारांवरून जातीमुळे किंवा ती एकटी आहे म्हणून परत जावं लागलेलं मी पाहिलं आहे. चौथं दार माझं होतं. ती साडेचार वर्षं राहिली. एकदाही किराया पाच तारखेच्या पुढे गेला नाही आणि जाताना खोली पुसून चावी दिली. भेदभाव अन्यायाचा तर आहेच, शिवाय चांगला किरायेदार गमावण्याचा तो हमखास मार्गही आहे.

चांगल्या माणसाला टिकवणं, हा रिकामे महिने टाळण्याचा खात्रीचा उपाय. एप्रिल ते जून विद्यार्थ्यांच्या खोल्या ओस पडतात आणि नोकरदारांच्या बदल्याही याच काळात होतात. फेब्रुवारीतच विचारा, पुढे राहणार का. राहणार असेल तर वाढ थोडकी करा. पाचशे रुपये जास्त मिळवायला गेलेला घरमालक दोन महिने खोली रिकामी ठेवतो, तेव्हा त्या पाचशेंतून त्या दोन महिन्यांची भरपाई व्हायला काही वर्षं लागतात. नळ गळतो असा फोन आला, तर त्याच दिवशी माणूस पाठवा.

कर आणि वही

किरायाचं उत्पन्न विवरणपत्रात 'घरापासूनचे उत्पन्न' म्हणून दाखवायचं. भरलेला घरकर आधी वजा होतो, उरलेल्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. कर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र नव्या करपद्धतीत त्यामुळे तोटा दिसला, तर तो पगारासारख्या इतर उत्पन्नातून वळता करता येत नाही. किराया खात्यावरच घ्या. रोखीनं घेऊन लपवलेला किराया वाद उभा राहिला, की पुराव्यासाठी हवासा वाटतो.

घरासाठी वेगळी वही ठेवा. आलेला प्रत्येक रुपया, गेलेला प्रत्येक रुपया आणि रिकामा गेलेला प्रत्येक दिवस तिच्यात लिहा. दर किरायातला सातवा-आठवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला टाका. घर दोन भावांच्या किंवा पती-पत्नीच्या नावावर असेल, तर किराया कुणाच्या खात्यात जाणार आणि पुढे घर कुणाकडे जाणार, हे आजच लिहून ठेवा. किरायेदारामुळे जेवढी घरं कोर्टात गेली, त्याहून कमी वारसांमुळे गेलेली नाहीत.

घ्यावं की नाही?

तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहात, देखरेखीला भरवशाचं माणूस नाही, हप्ता किरायावर टेकलेला आहे किंवा ही म्हातारपणाची एकुलती एक पुंजी आहे, तर घेऊ नका. अडतीस लाखांचं घर अडीनडीला चार दिवसांत विकता येत नाही आणि त्याची एक भिंत विकून दवाखान्याचं बिलही भरता येत नाही. तुम्ही जवळ राहता, हाताशी वर्षभराचा खर्च शिल्लक आहे, कागद स्वच्छ आहेत आणि माणसांशी बोलायला तुम्हाला आवडतं, तर जरूर घ्या. नेटानं सांभाळलेलं घर पिढीला आधार देतं.

सौदा करण्याआधी एक शेवटची परीक्षा घ्या. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना मालकाकडून चावी घ्या आणि वरच्या खोलीत एकटे तासभर बसा. स्लॅब किती तापतो, नळाला पाणी येतं का, खिडकीतून वारा फिरतो का, वीज गेली तर काय होतं, हे अंगावर घ्या. तो तास तुम्हाला काढवला नाही, तर दुसऱ्यानं तिथे बारा महिने काढावेत म्हणून पैसे मागायला जाऊ नका. आधी स्लॅबवर पांढरा चुना द्या, टाकं मोठं करा, समोरासमोर खिडकी पाडा. मग दारावर पाटी लावा.